रात्री गिझर बंद असतानाही सीओ अलार्म वाजतो, कारण काय असेल?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकला तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. बाथरूम ४ बाय ६ फुटांचं, उंची ८ फूट. आत ६ लिटरचा एलपीजी गॅस गिझर भिंतीवर बसवलेला आहे, त्याला धूर बाहेर नेणारा पाइप नाही. वर काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी आहे, ती डक्टमध्ये उघडते. आई-वडील दोघंही सत्तरीच्या पुढचे, म्हणून गेल्या महिन्यात कार्बन मोनॉक्साइडचा (सीओ) अलार्म आणला. बॅटरीवर चालतो, पडद्यावर आकडा दाखवतो, पाठीवर ईएन ५०२९१-१ (घरगुती सीओ अलार्मचं युरोपीय मानक) असं छापलेलं आहे. बाथरूमच्या दारासमोर पॅसेजच्या भिंतीवर साधारण सहा फुटांवर लावला आहे.

गेल्या पंधरा दिवसांत तो तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा रात्री दीड ते तीनच्या दरम्यान. पडद्यावर ५५, ६१ आणि ५८ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत सीओचे तेवढे भाग). त्या वेळी गिझर बंद, सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद. सकाळी दोघांच्या अंघोळी चालू असतात तेव्हा मात्र आकडा ०. टेस्टचं बटण दाबलं की व्यवस्थित वाजतो. पॅसेजमध्ये बुटांचा रॅक, फ्रिज आणि इन्व्हर्टर एवढंच सामान आहे.

अलार्म बिघडलेला आहे का? तो बाथरूमच्या आत लावायला हवा का? आणि याची देखभाल नेमकी काय करायची?

---

निळी_ज्योत

आधी एक गोष्ट. कारण सापडेपर्यंत अलार्म खरा आहे असंच धरून चाला. वाजला की खिडक्या-दारं उघडा आणि सगळ्यांना घराबाहेर काढा. "गिझर तर बंद आहे" म्हणून बॅटरी काढून ठेवू नका. तुमचा गिझर बंद असला तरी शेजाऱ्यांचा धूर त्याच डक्टमध्ये सुटत असेल तर तो तुमच्या खिडकीतून आत येऊ शकतो. तळमजल्यावर सोसायटीचा जनरेटर असेल तर त्याचा धूरही डक्टमधून किंवा जिन्यातून वर चढतो.

आता आकड्याकडे बघा. या मानकाचा अलार्म आकडा दिसला की लगेच वाजत नाही, ठरावीक वेळ थांबतो. ३० पीपीएमला दोन तासांच्या आत वाजायचंच नाही. ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांच्या दरम्यान वाजायचं. १०० ला १० ते ४० मिनिटांत, आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत. रक्तात हा वायू हळूहळू साठत जातो, त्या वेगाशी जुळवून हे टप्पे ठरवलेले आहेत. म्हणजे तुमचा अलार्म ५५ वर वाजला, तर तुमच्या पॅसेजमध्ये पन्नाशीच्या आसपासचं काहीतरी निदान तासभर तरी होतं. एखाद्या क्षणाच्या झुळकेने असं होत नाही, आणि अलार्ममधला वायू ओळखणारा सेल बिघडला असेल तर तो सहसा रोज ठरल्या वेळी बिघडत नाही.

म्हणून वेळा कळवा. त्या तीन रात्री वीज गेली होती का, कधी गेली, कधी आली? जनरेटर आहे का? इन्व्हर्टरची बॅटरी कोणत्या प्रकारची आणि किती जुनी?

---

गोदाकाठ

तिन्ही रात्री वीज गेली होती, हे तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं. पहिल्यांदा ८.४० ते १०.१५, दुसऱ्यांदा ९ ते ११, तिसऱ्यांदा साधारण ९ ते १०.३०. सोसायटीचा जनरेटर आहे, फक्त लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी, पार्किंगच्या कोपऱ्यात. इन्व्हर्टरची बॅटरी १५० एएचची ट्युब्युलर, पाच वर्षं झाली. हल्ली पाणी लवकर कमी होतं, दीड महिन्यात तरंगणारा काटा खालच्या खुणेवर येतो.

---

सेल_आणि_सर्किट

वेळांनी बरंचसं उत्तर दिलं. जनरेटरचा धूर असता तर आकडा वीज *नसताना* चढला असता, नऊ ते अकराच्या दरम्यान. तुमचा आकडा वीज परत आल्यावर तीन-चार तासांनी चढतो. त्या वेळी घरात एकच गोष्ट जोरात चालू असते, ती म्हणजे बॅटरीचं चार्जिंग, आणि त्यातलाही शेवटचा टप्पा.

शिसे-आम्लाची बॅटरी भरत आली की आत घातलेली वीज पाण्याचं विघटन करायला लागते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्टच्या पुढे बुडबुडे यायला लागतात. त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. बॅटरी जुनी असेल किंवा चार्जर जास्त व्होल्ट देत असेल तर हे प्रमाण वाढतं. पाणी दीड महिन्यात संपतं ही त्याचीच खूण आहे. बॅटरी ठीक असेल तर ते तीन ते सहा महिने सहज टिकतं.

हायड्रोजनचा सीओ अलार्मशी संबंध असा. आतला सेल म्हणजे आम्लाच्या ओलाव्यातले प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड. सीओचा रेणू पहिल्या इलेक्ट्रोडवर पाण्याबरोबर जळून कार्बन डायऑक्साइड होतो, इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांचा अगदी बारीक प्रवाह मोजून पीपीएमचा आकडा काढला जातो. पण हायड्रोजनही त्याच प्लॅटिनमवर तसाच जळतो आणि तसेच इलेक्ट्रॉन सोडतो. सर्किटला दोन्हींतला फरक कळत नाही. साध्या सेलवर १०० पीपीएम हायड्रोजन हा २० ते ६० पीपीएम सीओसारखा दिसतो. महागड्या औद्योगिक मीटरमध्ये हायड्रोजन वजा करणारा वेगळा इलेक्ट्रोड असतो, घरगुती अलार्ममध्ये सहसा नसतो. युरोपात शिसे-आम्लाची बॅटरी सहसा गॅरेजमध्ये असते, आपल्याकडे ती पॅसेजमध्ये फ्रिजशेजारी. त्यामुळे आपल्या घरांत ही गफलत जास्त होणार.

पण हा अंदाज आहे, आणि अंदाजावर आई-वडिलांना झोपवू नका. तपासायचं असं: एक दिवस ठरवा, त्या दिवशी गिझर अजिबात लावायचा नाही, सिलिंडर बंद. दुपारी इन्व्हर्टरची मेन सप्लाय बंद करून पंखे-दिवे दोन तास बॅटरीवर चालवा. मग सप्लाय चालू करा आणि बॅटरी भरू द्या. पॅसेजचं दार-खिडकी नेहमी रात्री असतात तशीच ठेवा आणि दर अर्ध्या तासाला आकडा लिहा. तीन तासांनंतर चढायला लागला, तर सप्लाय पुन्हा बंद करा, खिडकी उघडा. तासाभरात शून्यावर आला तर चोर सापडला. दुसऱ्या दिवशी तेच सगळं करा, फक्त बॅटरी भरू देऊ नका. आकडा शून्यच राहिला पाहिजे. काही मॉडेल ३० च्या खाली ० च दाखवतात, त्यांच्यात आजवरचा सर्वांत मोठा आकडा लक्षात ठेवणारं बटण असतं. पुस्तिकेत बघून घ्या आणि प्रत्येक वेळी आधी तो पुसून टाका.

बॅटरीच ठरली, तर चार्जिंगचा व्होल्ट मोजून घ्या. बॅटरी भरल्यावर, तरंगत्या अवस्थेत तो साधारण २५ अंश तापमानाला १३.५ ते १३.८ च्या आसपास स्थिरावला पाहिजे; गरम हवेत थोडा कमी, थंडीत थोडा जास्त. पंधरा तास होऊनही १४.४ च्या वर अडकून राहत असेल तर चार्जर किंवा बॅटरीतला एखादा कप्पा गेलेला आहे. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर चार्जिंग ताबडतोब बंद. हायड्रोजन ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएमला पेट घेऊ शकतो. तुम्ही त्यापासून फार दूर आहात, पण बॅटरी बंद कपाटात किंवा पोटमाळ्यावर कोंडून ठेवायची नाही, हे लक्षात असू द्या. तिला हवेशीर गॅलरीत हलवणं सर्वांत बरं.

---

निळी_ज्योत

वेळांचं गणित पटलं. पण माझी खरी काळजी रात्रीच्या ५५ ची नाही, सकाळच्या शून्याची आहे.

हिशोब मांडतो. ६ लिटरचा गिझर मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवतो तेव्हा जवळपास १२ किलोवॉटची आग जळत असते. म्हणजे तासाला अंदाजे ९०० ग्रॅम एलपीजी. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला १३ घनमीटरच्या आसपास हवा लागते. तुमच्या बाथरूमचं आकारमान १९२ घनफूट, म्हणजे ५.४ घनमीटर. पाच मिनिटांत गिझर जवळपास एक घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपवतो. दार बंद, खिडकीच्या पट्ट्या थंडीमुळे मिटलेल्या, तर हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १७ च्या दिशेने घसरायला लागतो. फटींतून थोडी हवा येते म्हणून प्रत्यक्षात घसरण जरा हळू होते, इतकंच. ऑक्सिजन कमी झालेल्या, वाफेने भरलेल्या हवेत ज्योत नीट जळत नाही, आणि अर्धवट जळणं म्हणजेच सीओ. आधी हळूहळू वाढतो आणि मग एकदम उसळतो.

हे सगळं दाराच्या आत चालतं. बाहेर पॅसेजमधला अलार्म तेव्हा ० दाखवतो, कारण दार बंद आहे. सीओचं वजन हवेइतकंच असतं, किंचित हलकं. तो मिसळून पसरतो, पण बंद दारातून पुरेसा बाहेर यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आतल्या माणसाकडे नसतो. १,६०० पीपीएमला तासाभरात जीव जातो, १२,८०० ला एक ते तीन मिनिटांत.

"मग अलार्म आत लावतो" हेही उत्तर नाही. सेल आणि सर्किट दोन्ही गरम वाफेत टिकत नाहीत, सेलच्या तोंडावरच्या पडद्यावर पाणी साचलं तर वायू आत शिरतच नाही. बहुतेक पुस्तिकांत बाथरूम स्पष्ट वर्ज्य केलेलं असतं. त्यात ५० पीपीएमला तासभर थांबणारं यंत्र वीस मिनिटांच्या अंघोळीसाठी बनवलेलंच नाही.

म्हणून गिझर बाथरूमबाहेर काढा. कोरड्या गॅलरीत, उघड्या हवेत, पावसाचा शिंतोडा येणार नाही अशा जागी. तिथून गरम पाण्याची सीपीव्हीसी लाइन वेष्टण घालून आत न्या. दहा-बारा फुटांच्या लाइनमध्ये सुरुवातीचं लिटर-दीड लिटर पाणी गार येईल, तेवढं सोसावं. गॅलरीला सरकत्या काचा लावून ती बंद करणार असाल तर मात्र तिचं दुसरं बाथरूमच होईल. गॅलरी नसेल तर भिंतीतून हवा घेणारा आणि भिंतीतूनच धूर सोडणारा बंद कक्षाचा गिझर, नाहीतर सरळ विजेचा.

तोवर आजपासून हे करा. दार सताड उघडं ठेवून बादली भरा, २० लिटरला साडेतीन मिनिटं पुरतात. गिझर बंद करा, पाच मिनिटं दार उघडंच राहू द्या, मग अंघोळ. शॉवर नाही, एकामागून एक दोघांच्या अंघोळी गिझर चालू ठेवून नाहीत. आतली कडी बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी बदलून घ्या. दार आत उघडणारं असेल आणि माणूस दारामागे कोसळला तर ते ढकलता येत नाही, म्हणून बिजागऱ्या बदलून बाहेर उघडणारं केलं तर उत्तम.

एक्झॉस्ट फॅनबद्दल दोन शब्द, कारण पुढचा सल्ला कोणीतरी तोच देईल. दाराखाली कायमची उघडी जाळी नसेल तर फॅन बाहेर ढकलायला हवा आणणार कुठून? तो डक्टमधली शिळी हवाच खेचतो, किंवा धुराचा पाइप असलेल्या गिझरचा धूर उलटा खोलीत ओढतो. फॅन आणि जाळी मिळून उपयोग होतो, नुसत्या फॅनने धोका वाढू शकतो. तसंच २० मिनिटांनी आपोआप बंद होणारा गिझर घड्याळ बघतो, हवा बघत नाही. त्या सोयीवर विसंबू नका.

ज्योत निळी, टोकाला स्थिर हवी. पिवळी फडफडणारी ज्योत, झाकणावर काजळीचा काळा पट्टा, डोळ्यांची चुरचुर, ही सगळी अर्धवट जळण्याची लक्षणं. वर्षातून एकदा बर्नरची भोकं आणि वरचे तांब्याचे पत्रे ब्रशने साफ करून घ्यावेत. तिथे केस, कपड्यांचा तंतू आणि काजळी अडकली की धुराला वाट राहत नाही. रबरी नळी आयएसआय खुणेची सुरक्षा होज, दीड मीटरपेक्षा लांब नाही, पाच वर्षांनी बदलायची. पाइपचा गॅस घेतलात तर एलपीजीचा गिझर तसाच जोडू नका, दोन्ही वायूंचा दाब आणि जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक) वेगळे असतात.

---

आपत्कक्ष

अलार्म वाजल्यावर काय करायचं ते वर एका ओळीत आलं आहे, थोडं उलगडून लिहिते, कारण तिथे चुका होतात.

हवेत नेणं पहिलं, चौकशी नंतर. दारं उघडा, जाता-जाता सिलिंडर बंद करता आला तर करा, सगळे बाहेर. बाथरूममध्ये कोणी पडलेलं असेल तर श्वास रोखून दार उघडा, काखेत हात घालून बाहेर ओढा, आत बसून शुद्धीवर आणायचा प्रयत्न करू नका. वाचवायला गेलेला माणूस तिथेच कोसळण्याचा धोका असतो. बाहेर आणल्यावर १०८ ला फोन, अडकलेला माणूस बाहेर येत नसेल तर १०१ किंवा ११२. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा.

दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हे हवं: "गॅस गिझर चालू होता, सीओची शंका आहे." बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. सीओ हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट घट्ट धरतो, आणि ऑक्सिमीटरला ते लाल रक्त ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं. ९८ दाखवत असला तरी माणूस गुदमरलेला असू शकतो. रक्तातल्या कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची (सीओने धरलेल्या हिमोग्लोबिनची) तपासणी मागा. साध्या हवेत हे प्रमाण निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, घट्ट बसणाऱ्या मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून "मोकळ्या हवेत बसलो, बरं वाटतंय" एवढ्यावर घरी परतू नये. गर्भवती असेल तर काहीच त्रास नसला तरी तपासायलाच हवं, बाळाच्या रक्तातून हा वायू आईपेक्षा सावकाश निघतो.

लक्षणं पित्तासारखी वाटतात: डोकं जड, मळमळ, गरगरणं, पाय लटके पडणं. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी होत असेल आणि बाहेर पडल्यावर उतरत असेल, तर ते पित्त नाही.

---

लेस्टरकर

देखभालीचं मी लिहितो. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात जिथे बॉयलर किंवा जळणारं कायमचं उपकरण आहे अशा प्रत्येक राहत्या खोलीत हा अलार्म घरमालकाने लावायचा असतो, फक्त स्वयंपाकाची गॅस शेगडी वगळून. त्यामुळे इथे या यंत्राची सवय आहे.

टेस्टचं बटण शिट्टी, बॅटरी आणि सर्किट तपासतं. सेल जिवंत आहे का, हे बहुतेक मॉडेलमध्ये त्यातून कळत नाही. बटण महिन्यातून एकदा तरी दाबा, आठवड्याला दाबलं तर अधिक चांगलं. सेल तपासायला उदबत्ती, सिगारेट किंवा स्कूटरचं नळकांडं वापरू नका. काजळी आणि इतर वायूंनी सेल खराब होतो, आणि वाजला तरी योग्य आकड्याला वाजेल की नाही ते समजत नाही. ठरावीक पीपीएमचे टेस्ट गॅसचे डबे मिळतात, त्यांनीच तपासायचं.

सेलचं आयुष्य पाच ते दहा वर्षं, मॉडेलप्रमाणे बहुधा सात किंवा दहा. आतला ओलावा हळूहळू सुकतो, वापरा किंवा खोक्यात ठेवा. म्हणून विकत घेताना पाठीवरची बदलण्याची तारीख बघा; दुकानात दोन वर्षं पडून असलेला तुकडा म्हणजे दोन वर्षं गेली. ती तारीख कायमच्या शाईने अलार्मच्या समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आवाज ओळखायला शिका. चार टिकटिक, थांबा, पुन्हा चार, हा सहसा खरा धोका. मिनिटाला एखादी किंचित चिवचिव म्हणजे बॅटरी संपत आली, आणि वेगळ्या लयीची चिवचिव व दिवा म्हणजे सेलचं आयुष्य संपलं. दुसऱ्या प्रकारात बॅटरी बदलून उपयोग नाही. लय मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून पुस्तिकेतलं ते पान भिंतीवर चिकटवा. अल्कलाइन बॅटरीच घाला. चार्ज होणारी १.२ व्होल्टची बॅटरी घातली तर कमी व्होल्टचा इशारा एक तर सतत येतो, नाहीतर फार उशिरा येतो.

जाळीवरची धूळ मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमच्या तोंडाने महिन्याला काढा. स्प्रे, ओलं फडकं, फिनेल लावू नका. दिवाळीआधी रंगकाम निघालं, पॉलिश किंवा सिलिकॉनची सांधेभरणी होणार असेल, तर अलार्म काढून झिपच्या पिशवीत बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण अशा वाफांनी सेल निकामी होऊ शकतो. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलनेही आकडा चढतो. पण त्या काळात गिझर लावायचा नाही, आणि वास गेला की अलार्म त्याच दिवशी भिंतीवर परत.

तापमान: या मानकाचे अलार्म १० अंश उणे ते ४० अंशांपर्यंत धरून बनवलेले असतात. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या भिंतीवर तो टांगू नका. आवाज ८५ डेसिबलच्या आसपासचा असतो, पण सूर उंच असतो, आणि उतारवयात नेमके तेच सूर आधी ऐकू येईनासे होतात. बेडरूमचं दार लावून पॅसेजचा अलार्म ऐकू येतो का ते आई-वडिलांनी पलंगावर पडून तपासावं. येत नसेल तर एकमेकांशी जोडलेले दोन घ्या, एक त्यांच्या उशाशी.

---

कोल्हापूरची_मावशी

इथेच विचारते. सुनेचं बाळंतपण आहे, महिनाअखेर घरी येईल. शेक-शेगडी आणि ओवा-शेपांची धुरी द्यायची आहे. निखारे बाहेर लाल करून, धूर पूर्ण गेल्यावरच खोलीत आणणार. अलार्म ठेवला तर चालेल ना?

---

निळी_ज्योत

मावशी, धूर जाणं आणि सीओ जाणं एक नाही. कोळसा लाल झाला की धूर थांबतो, पण सीओ तेव्हाच भरपूर निघतो. खालच्या निखाऱ्यात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कार्बनवरून जाताना सीओ होऊन बाहेर पडतो. वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोली उबदार. म्हणून ते जास्त धोक्याचं. बाजेखाली शेगडी, दारं-खिडक्या वारा लागू नये म्हणून बंद, आणि आत आई व आठ दिवसांचं बाळ, हे करू नका.

अलार्मच्या मर्यादा निरोगी प्रौढ माणूस धरून ठरवलेल्या आहेत. ३० पीपीएमला तो दोन तास गप्प बसणार. नवजात बाळासाठी तो पहारेकरी म्हणून पुरेसा नाही. शेकायला गरम पाण्याची पिशवी किंवा विजेवरचं शेकणं घ्या, खोली गरम ठेवायला विजेवर चालणारा, आत तेल भरलेला रेडिएटर. धुरी द्यायचीच असेल तर उघड्या पडवीत, काही मिनिटं, बाळाला बाजूला ठेवून, आणि शेगडी नंतर आत न आणता बाहेरच विझवायची. अलार्म मात्र घ्याच, उशाच्या उंचीवर टेबलावर ठेवा.

---

आपत्कक्ष

यात एवढंच जोडते की बाळ रडत नाही, दूध ओढत नाही, सुस्त पडून राहतं, आणि आईचं डोकं दुखतंय, असं शेगडीच्या खोलीत दिसलं तर थकवा समजू नका. दोघांनाही तत्काळ बाहेर काढा.

---

गोदाकाठ

सांगितल्याप्रमाणे दोन दिवस आकडे लिहिले. पहिल्या दिवशी बॅटरी भरू दिली: पहिले अडीच तास ०, तीन तासांनी १८, साडेतीन तासांनी ३४, चार तासांनी ५२. तिथे सप्लाय बंद करून खिडकी उघडली, पन्नास मिनिटांत ०. दुसऱ्या दिवशी चार्जिंग बंद: दिवसभर ०, सर्वांत मोठ्या आकड्याच्या आठवणीतही ०. चार्जिंगचा व्होल्ट मोजला तर रात्रभर १४.७ वरच अडकलेला.

बॅटरी गॅलरीत हलवली, चार्जर दुरुस्तीला दिला. गॅलरी उघडी आहे, तिथे गिझर लावायला प्लंबर शनिवारी येतोय, तोवर दार उघडं ठेवून बादली. एक शंका: गिझर आणि बॅटरी दोन्ही गॅलरीत आल्यावर अलार्म कुठे?

---

सेल_आणि_सर्किट

गिझर आणि बॅटरी गॅलरीच्या दोन टोकांना ठेवा, शेजारीशेजारी नको. ठिणगी आणि हायड्रोजन एकत्र येऊ द्यायचे नाहीत.

---

निळी_ज्योत

अलार्म गॅलरीत नको, उघड्या हवेत काही मोजलं जाणार नाही आणि दव-पावसात खराब होईल. गॅलरीला लागून जी खोली आहे तिच्यात लावा, गॅलरीच्या दारापासून एक ते तीन मीटरवर. भिंतीवर लावलात तर दाराच्या चौकटीच्या वर आणि छतापासून १५ सेंटीमीटर खाली, छताला लावलात तर भिंतीपासून ३० सेंटीमीटर आत. पंख्याच्या झोतात, पडद्याआड किंवा कपाटावर नाही. दुसरा उशाशी, झोपल्यावर नाक असतं त्या उंचीवर.

एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा, तो याच्या जागी चालत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्याचा सेन्सर सिलिंडरजवळ जमिनीपासून वीतभर उंचीवर लागतो. शनिवारी प्लंबर गेल्यावर गिझर दहा मिनिटं चालवा, गॅलरीचं दार लावून, आणि आतल्या अलार्मचा आकडा वाचा. मग दार उघडं ठेवून पुन्हा दहा मिनिटं. दुसऱ्या वेळी चढला तर वाऱ्याने धूर आत येतोय; गिझर दारापासून आणखी लांब सरकवायला लागेल, म्हणून प्लंबरला भोकं पाडण्याआधीच दोन्ही जागा दाखवून ठेवा.